तीन नंबरमध्ये उकडतंय

दुपारी सव्वातीनच्या सुमारास तीन नंबरच्या चेंबरमधून वॉकीटॉकीवर आवाज आला, "वहिनी, काय उकडतंय हो इथे!" कंट्रोल रूममध्ये तेव्हा तिघं जण होते आणि तिघंही हसले. समोरच्या तबकडीवर तीन नंबरचं तापमान शून्याखाली बावीस अंश होतं. तबकडी बिघडलेली नव्हती. नंतर ती तपासून घेण्यात आली.

त्या घटकेला हसण्यात कुणाचं काही चुकलं, असं म्हणता येत नाही. हाच आवाज रोज यायचा आणि हेच शब्द यायचे. गावाबाहेरचं ते कोल्ड स्टोरेज म्हणजे बिनखिडक्यांची लांबलचक इमारत. आत मासळीचे, मटारचे, मांसाचे खोके छतापर्यंत रचलेले. चेंबरमध्ये काम करणाऱ्याला कंट्रोल रूमने दर थोड्या वेळाने विचारायचं, "कसं काय?" आतल्याने म्हणायचं, "ठीक आहे." मग हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं नाही तर भोंगा वाजतो. नियम साधा होता आणि तो पाळला जात होता. फक्त त्यातले शब्द बदलले होते.

ते बदलले भाऊजीने. कंट्रोल रूममध्ये बसणारी बाई त्याच्या थोरल्या भावाची बायको, म्हणून तो तिला वॉकीटॉकीवरूनही वहिनी म्हणे. ती त्याला भाऊजी म्हणे. वॉकीटॉकी सगळ्यांच्या कानाला, त्यामुळे बघता बघता सगळी इमारत तिला वहिनी आणि त्याला भाऊजी म्हणू लागली. वडिलांच्या वयाचा मुकादमही त्याला भाऊजी म्हणायचा आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

कामाला लागला त्याच आठवड्यात भाऊजीने "कसं काय?" या प्रश्नाला उत्तर दिलं होतं, "अहो वहिनी, उकडून जीव चाललाय. पंखा पाठवा!" तिला हसू आवरेना. हसत हसतच तिने हिरवं बटण दाबलं. महिन्याभरात सगळेच आतून "उकडतंय" म्हणायला लागले. कुणी नवखा "ठीक आहे" म्हणाला की बाकीचे ओरडत, "आले, मास्तर आले!" साहेबांच्या कानावर हे गेलं होतं. तेही हसले होते.

अशी भाषा वहिनीला नवी नव्हती. ती लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी चहाचा घोट घेऊन म्हटलं होतं, "वा! अगदी मधासारखा झालाय." ती हरखून आणखी एक कप घेऊन आली. साखर घालायचीच राहिली होती, हे तिला दाराआडच्या खिदळण्यावरून कळलं. खिदळणारा होता धाकटा दीर. या घरात उशिरा येणाऱ्याला "आज लवकरसे?" विचारत, आणि ताप आलेल्याला "मजा आहे बुवा एका माणसाची" म्हणत. पहिले काही महिने ती न्हाणीघरात जाऊन रडायची. मग शिकली. सासूबाईंचा टोमणा असेल तर त्या बोलून मोकळ्या होतात, तुमच्याकडे बघतही नाहीत. दिराची थट्टा असेल तर तो बोलून थांबतो. तुम्ही हसताय का, उलटून काय म्हणताय, याची वाट बघतो. वॉकीटॉकीवर तर ते थांबणं ऐकूच यायचं. वाक्य संपायचं, बोटाखालचं बटण सुटल्याची टक वाजायची, मग शांतता. ती शांतता तिच्यासाठी राखलेली असायची.

या सगळ्यात एकटा कोरडा राहिला तो तिचा नवरा. त्याला थट्टा कळत नसे. म्हणजे राग येत नसे, पण कळतच नसे. बोललेला शब्द तो आहे तसा घ्यायचा. एकदा सासूबाई वैतागून म्हणाल्या होत्या, "मला आता त्या माळ्यावर टाक नेऊन." तर हा शिडी आणायला उठला होता. भाऊजी ती गोष्ट इतक्या वेळा सांगायचा की कोल्ड स्टोरेजमधल्या माणसांनी थोरल्याला न बघताच त्याची गंमत पाठ केली होती.

त्या दुपारी भाऊजी तीन नंबरमध्ये गार हवा सोडणाऱ्या पंख्याखालचा बर्फ फोडत होता. बर्फ वितळवायला आधी हीटर लावतात, त्याचं पाणी खालच्या मोठ्या ट्रेमध्ये जमतं आणि नळीने बाहेर जातं. नळी गोठली होती. ट्रे तुडुंब होता, तो त्याच्या अंगावर कलंडला. हे नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की त्याने वॉकीटॉकीवर म्हटलं, "वहिनी, छान आंघोळ झाली माझी."

"साबण पाठवू का?" वहिनी म्हणाली.

"पाठीला चोळायला माणूस पण हवं म्हणावं," मुकादम मागून म्हणाला. मुकादम तिथे चहाला आला होता. कॉम्प्रेसरचा मिस्त्री त्याच्या शेजारी पाय पसरून बसला होता.

त्यानंतर सव्वातीनचं ते "उकडतंय" आलं, आणि हिरवं बटण दाबलं गेलं.

थोड्याच वेळात वहिनीचा फोन वाजला. नवरा होता. सासूबाईंचा चष्मा आणायला चष्मेवाल्याकडे गेला होता.

"तो विचारतोय, काडी सोनेरी बसवू की काळी?"

"हिऱ्याची बसवा म्हणावं."

"थांब, विचारतो." पलीकडे त्याने खरंच विचारलं. "नाही म्हणतोय. हिऱ्याची नसते."

वहिनीने फोनवर हात ठेवून दोघांना हे सांगितलं. मिस्त्री इतका हसला की त्याच्या हातातला चहा हिंदकळला. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"वहिनी, फार उकडतंय. मला न्यायला या."

"उकडतंय तर कोट काढा की!" वहिनी म्हणाली. एका कानाला फोन होता, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. "कोण बघतंय तिथे?"

"इजारही काढा म्हणावं," मिस्त्री म्हणाला.

फोनमधून नवऱ्याचा आवाज आला, "तो काय म्हणाला?"

"उकडतंय म्हणतात. न्यायला या म्हणतात."

"मग काढा ना त्याला बाहेर."

"ऐकलंत का," वहिनी दोघांना म्हणाली, "हे म्हणतात, काढा त्याला बाहेर!"

"थोरल्यांना म्हणावं, येताना टेबलफॅन घेऊन या!" मुकादम म्हणाला.

"त्याला खरंच उकडतंय का?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, बर्फात बसलेत ते! कसं उकडेल?"

मग फोन बंद झाला. तो रुसला असेल, असं तिला वाटलं. घरी गेल्यावर समजूत काढावी लागणार होती.

तो रुसला नव्हता. चष्मा तिथेच काउंटरवर ठेवून तो फूटपाथवर आला आणि त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. "माझा भाऊ बर्फाच्या खोलीत आहे आणि त्याला उकडतंय," असं तो म्हणाला. हे वाक्य त्या दिवसात आणखी कुणापुढेही उच्चारलं असतं तर समोरचा हसला असता. फोनवरची बाई हसली नाही. तिने एकच विचारलं, "किती वेळ झाला?"

कंट्रोल रूममध्ये पुन्हा विचारायची वेळ झाली. "काय भाऊजी, कसं काय?" वहिनीने विचारलं आणि उत्तर यायच्या आतच तिचं बोट सवयीने हिरव्या बटणावर गेलं.

"हो वहिनी आता बरं वाटतंय मोकळं वाटतंय इथे बसा ना उभ्या का जागा आहे पुष्कळ..."

मुकादम हसायला लागला. वहिनीने बोट बटणावरून उचललं. वाक्य संपत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे टक होत नव्हती. भाऊजी थांबतच नव्हता. तिने मध्ये काही बोलावं अशी त्याची अपेक्षाच दिसत नव्हती. बटण त्याच्या बोटाखाली तसंच दाबलेलं होतं, आणि बटण दाबलेलं असताना समोरचं काही ऐकू येत नाही.

"मुकादम," ती म्हणाली, "ते थट्टा करत नाहीयेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ते नुसतं सांगतायत."

ती धावली तेव्हा मुकादम आणि मिस्त्री मागे आले. पण पहिली काही पावलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. हे मुकादमाने स्वतःच नंतर सांगितलं. हसू ताबडतोब पुसता येत नाही, असं तो म्हणाला.

तीन नंबरच्या दाराला बोटभर जाडीची छोटी काच आहे. वहिनीने तिच्यावरचं बाष्प बाहीने पुसलं. आत दिवा लागलेला होता. दोन्ही बाजूंना खोक्यांच्या मांडण्या आणि मधल्या वाटेत पिंप उलटं घातलेलं. त्या पिंपावर जाड कोट घडी करून ठेवलेला होता. कोटावर स्वेटर, स्वेटरवर शर्ट, सगळ्यात वर हातमोजे, एकावर एक. घरी हा माणूस टॉवेलही सरळ वाळत घालत नसे.

दार आतून उघडतं. त्याला कडी नाही, कुलूप नाही. तो केव्हाही बाहेर येऊ शकत होता.

मुकादम आणि मिस्त्री अंगावर कोट चढवून आत शिरले. वहिनी उंबऱ्यातच राहिली. तिच्या अंगावर साधी साडी होती आणि मुकादमाने तिला हाताने अडवलं होतं. ती आत गेली नाही. ही गोष्ट इथे नोंदवून ठेवणं भाग आहे, कारण पुढे तिच्यावरच प्रश्न आला. मुकादम आणि मिस्त्री दोघंही सांगतात की ती उंबरा ओलांडून आली नाही.

आत कुणी दिसत नव्हतं. मधली वाट मोकळी होती. मांडण्यांच्या मागची फटही मोकळी. आणि वहिनीच्या हातातल्या वॉकीटॉकीवर आवाज येतच होता, शांत, थोडा पेंगुळलेला, "मुकादम पण आले. या. बसा." मुकादम जागच्या जागी थिजला. त्याने चहूकडे बघितलं. "भाऊजी, कुठे आहात?" तो ओरडला. उत्तर आलं ते वहिनीच्या हातातून. "इथेच की. तुमच्याकडेच बघतोय."

त्याच वेळी फाटकावरून पहारेकऱ्याने सांगितलं की रुग्णवाहिका आली आहे, आणि कुणी बोलावली ते विचारतायत.

भाऊजी सापडला तो सगळ्यात खालच्या मांडणीखाली, भिंतीला लागून. तिथे माणूस मावेल असं कुणालाही वाटलं नसतं. गुडघे छातीशी घेऊन, खोक्यांच्या मागे, उंदीर बिळात बसावा तसा तो शिरून बसला होता. मिस्त्रीने पोटावर झोपून आत बघितलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि तो मिस्त्रीच्या बुटांकडे बघत होता. ओठ निळे पडले होते. वॉकीटॉकीवरचं बोट त्यांना सोडवून घ्यावं लागलं.

तो वाचला. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला समजावून सांगितलं की गारठ्याने अंग फारच थंड पडलं की शेवटी शेवटी माणसाला खरोखरच उकाडा होतो. तो कपडे काढतो, कुठेतरी सांदीत शिरतो. हे आपोआप घडतं.

"कुणी सांगावं लागत नाही?" वहिनीने विचारलं.

"काय सांगावं लागत नाही?"

"कपडे काढायला."

"नाही," बाई म्हणाल्या. मग तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "का? कुणी सांगितलं होतं?"

वहिनी उठून बाहेर आली.

तिला हवं होतं ते एवढंच. "कोट काढा की" हे तिचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं होतं का? "न्यायला या" म्हटल्यावर त्याने बोट सोडलं असेल, तर त्याने ते ऐकलं. सोडलं नसेल, तर ते शब्द कंट्रोल रूमच्या बाहेर गेलेच नाहीत, आणि मग त्याने जे केलं ते गारठ्याने केलं. सगळा प्रश्न त्या एका टकेचा होता. ती आठवून आठवून थकली. तेव्हा मिस्त्री खिदळत होता, एका कानाशी चष्म्याची काडी चालली होती. टक झाली की नाही, ते तिला सांगता येईना. तिने मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "सोडा हो वहिनी, तो विषयच काढू नका." साहेबांपुढे त्याने ते वाक्य सांगितलंच नव्हतं. मिस्त्रीनेही गाळलं होतं. दोघांनी तिला वाचवायला गाळलं, हे तिला समजत होतं. म्हणजे वाचवण्यासारखं काही होतं, हेही समजत होतं.

शेवटी तिने भाऊजीलाच विचारलं. त्याला घरी आणून काही दिवस झाले होते. तो खिडकीशी खुर्चीत बसलेला असायचा. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. सासूबाई त्याला बोलतं करायला म्हणायच्या, "काय राजे, पाय दाबून देऊ का?" तर तो म्हणायचा, "नको आई, दुखत नाहीत." सासूबाई तोंड फिरवून आत जायच्या.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही न्यायला या म्हणालात. त्यानंतर मी काय म्हणाले, ते तुम्हाला ऐकू आलं का?"

"आलं की."

तिने विचारलं, "वॉकीटॉकीवर?"

"वॉकीटॉकीवर कशाला?" त्याने तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "तुम्ही आला होतात ना. शेजारी बसलात. उकडतंय तर कोट काढा म्हणालात. मग घड्या तुम्हीच घातल्यात."

"मी आत आले नव्हते, भाऊजी."

"आला होतात," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला गारठा लागेल. तर तुम्ही हसलात. खूप वेळ हसत होतात."

त्या दुपारच्या आधी तो हे बोलला असता तर तिने पाठीत धपाटा घातला असता आणि दोघंही हसली असती. आता ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. यात टोमणा असता तरी तिला चाललं असतं. टोमणा म्हणजे निदान त्याला सगळं कळत होतं, तो तिला दोष देत होता, आणि तिला तो घेता आला असता. पण तो तिचे आभार मानत होता.

"मी साहेबांनाही सांगितलंय," तो म्हणाला. "वहिनी आल्या म्हणून बरं झालं, म्हटलं."

आज सकाळी साहेबांनी घरच्या तिघांना बोलावून घेतलं. मुख्य कार्यालयाची दोन माणसंही आहेत. त्यांना पहिला प्रश्न पडला तो हा, की कंट्रोल रूममधली बाई जागा सोडून चेंबरमध्ये गेली होती का, आणि गेली असेल तर त्याला तसंच सोडून परत का आली. आणि दुसरा, आत आणि बाहेर नक्की काय बोलणं झालं. मुकादम आणि मिस्त्री यांचे जबाब झाले आहेत. आता थोरल्याला आत घेतलं आहे, कारण रुग्णवाहिका त्याने बोलावली आणि फोनवर तो सगळं ऐकत होता.

नवऱ्याला तिने आजवर त्या टकेबद्दल विचारलेलं नाही. तो सांगणार हे तिला माहीत होतं. काही न गाळता, काही न घालता, कुठल्या शब्दावर कोण हसलं तेही सांगणार. तिने काल रात्रभर विचार केला होता की त्याला आधी विचारून घ्यावं. मग वाटलं, तो जे सांगेल त्याला पुढे दुसरी बाजूच उरणार नाही. सकाळी निघताना तो तिला म्हणाला, "मी ऐकलं तेच सांगेन." ती म्हणाली, "हो."

बाहेरच्या बाकावर ती आणि भाऊजी शेजारी शेजारी बसले आहेत. भाऊजी दाराकडे बघतोय. दार जाड आहे, आतलं बोलणं ऐकू येत नाही. मघाशी आत एकदम कुणीतरी मोठ्याने हसलं. तिचा नवरा कधी हसत नाही, तेव्हा ते साहेब असतील किंवा त्या दोघांपैकी कुणीतरी. ते कशाला हसले, ते अजून कळलेलं नाही.